फटफटीचा हप्ता आणि कापसाचा पैसा



कोरडवाहू कापसाचा पैसा येतो वर्षातून एकदा. फटफटीचा हप्ता मात्र दरमहा. इथेच माणूस सावकाराच्या दारी जातो. विकणारा सांगतो, "फक्त १२ टक्के फ्लॅट." म्हणजे ६०,००० वर तीन वर्षांत २१,६०० व्याज, हप्ता सुमारे २,२६७. मुद्दल दरमहा घटते, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर. खरा दर पडतो सुमारे २१ टक्के! शेतकीची पदवी असून मीही यात फसलो.

भाव मिळत नाही, तो लढा आहेच. तोवर पहिल्या वेचणीच्या पैशातून सर्वांत महाग कर्ज आधी फेडा. नवे घेताना हप्ता हंगामाचाच मागा. पुढच्या बैठकीला कर्जाचे कागद आणा. मिळून हिशेब करू.