दाराजवळची सीट

आमच्या बुधवाऱ्यातल्या घरी जेवताना टीव्ही चालू असतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं, त्यानंतर आठवडाभर तो बंदच झाला नाही. त्यातच मामाने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. विमान संकटात सापडतं, प्रवाशांचा अख्खा डबा मागून सुटा होतो, पॅराशूट उघडतात आणि माणसं अलगद शेतात उतरतात. एका युक्रेनियन इंजिनिअरची ही जुनी कल्पना आहे, ॲनिमेशनच्या पुढे ती गेलेली नाही. पण बाबा हातातला घास तसाच धरून म्हणाले, "असं विमान असेल तर तिकिटावर हजार रुपये जास्त द्यायला मी तयार आहे."

आई म्हणाली, "आणि ज्याच्याकडे नसतील, त्याने?"

बाबांनी वरण मागितलं. मी मात्र तेव्हापासून आईच्या प्रश्नापाशी अडकले आहे.

बुऱ्हाणपूरहून विमानाने जायचं म्हणून आम्ही आधी इंदूर गाठलं होतं. आम्ही तिघं एकदाच विमानात बसलोय, इंदूरहून मुंबईला, वसईच्या मावसबहिणीच्या लग्नासाठी. तेव्हा मोबाइलवर सीट निवडताना बाबांना इमर्जन्सी दाराजवळची रांग दिसली. तिचे वेगळे पैसे होते. बाबांना वाटलं, जीव वाचवायचे पैसे घेतात. तसं नाही, ते पाय पसरायला मिळणाऱ्या जागेचे पैसे असतात. उलट त्या रांगेत बसणाऱ्याच्या गळ्यात एक काम पडतं. एअर होस्टेस येऊन विचारते, वेळ आली तर दार उघडायला जमेल ना? लहान मुलं, गरोदर बाई, हातापायांनी अधू माणूस यांना तिथे बसूच देत नाहीत. दार सगळ्यांचं, तुम्ही फक्त त्याचे राखणदार. पैसे भरून राखणदारी घ्यायची, हे मला तरी भारी वाटलं. (आम्ही साधी सीट घेतली. आई तासभर जपमाळ धरून होती, तिला रांगेशी काही देणंघेणं नव्हतं.)

अहमदाबादच्या विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. त्याची सीट ११-ए, दाराजवळची. लगेच ११-ए ला मागणी वाढल्याच्या बातम्या आल्या. आपण माणसं किती घाबरतो आणि किती पटकन खरेदीला निघतो! हाच नंबर दुसऱ्या विमानात दारापासून लांब असू शकतो, हे कोण बघणार.

बरं, तो सुटणारा डबा असता तर? विमान जेमतेम अर्धा मिनिट हवेत होतं. पॅराशूट उघडायला उंची लागते आणि वेळ लागतो, दोन्ही नव्हतं. चार-पाच माणसांच्या सिरस विमानांना अख्खं विमान पेलणारं पॅराशूट असतं आणि त्याने जीव वाचले आहेत. पण ते विमान दीड टनाचं, अहमदाबादला पडलेल्या जातीचं विमान भरलेलं असताना सव्वादोनशे टनांच्या पुढे जातं. शिवाय बरेच अपघात उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी होतात, जमिनीजवळ. बाबांचे हजार रुपये तिथे कामाचे नाहीत.

जे कामाचं आहे ते दिसायला अगदी साधं आहे. नवं विमान बाजारात आणताना कंपनीला दाखवून द्यावं लागतं, की निम्मी दारं बंद असली तरी भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी आतले सगळे ३७९ जण बाहेर पडले. बॅगा आत ठेवून. (आपल्याकडे चाक जमिनीला टेकलं की निम्मं विमान उभं राहून बॅगा काढतं.) त्या दारांचा, घसरगुंड्यांचा, क्रूच्या ट्रेनिंगचा खर्च प्रत्येकाच्या तिकिटात आहे. कुणाला वेगळा विचारलेला नाही, म्हणून कुणाला नाकारताही आला नाही.

"ज्याला हवं तो घेईल" असं म्हणणाऱ्यांनी बोईंग ७३७ मॅक्सचं प्रकरण वाचावं. दोन सेन्सर वेगवेगळी माहिती देऊ लागले तर वैमानिकाला कळावं, असा एक इशारा त्यात होता. पण तो चालायचा जास्तीचे पैसे मोजून घेतलेल्या दुसऱ्या एका सोयीबरोबरच. २०१८ ला इंडोनेशियात आणि २०१९ ला इथिओपियात पडलेल्या विमानांच्या कंपन्यांनी ती सोय घेतलेली नव्हती. ३४६ माणसं गेली. मूळ दोष एमकॅस नावाच्या यंत्रणेचा होता, मान्य. पण तिकीट काढणाऱ्या त्या ३४६ जणांना कुणी विचारलं होतं का, इशारा हवा की नको? नंतर तो इशारा सगळ्या मॅक्स विमानांत आला.

आणि आपल्या जवळची गोष्ट. २६ एप्रिल १९९३, तेव्हाचं औरंगाबाद. मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टी संपत आली तरी नीट उचललं गेलं नाही आणि पलीकडच्या बीड रोडवरून चाललेल्या ट्रकला लागलं. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणं निघाली: वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती. आमचं गाव पॉवरलूमचं, सूत-कापूस आम्हाला परका नाही, म्हणून असेल, मला त्या गाठी सारख्या डोळ्यांपुढे येतात. तिथे पॅराशूट नको होतं. फाटक आणि फाटकावर एक माणूस हवा होता. त्याचा पगार प्रवाशांत वाटला असता तर तिकिटामागे किती पडला असता?

म्हणून माझं उत्तर आईच्या बाजूचं. जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. ते सगळ्यांकडून घ्या, आणि सुटकेचा रस्ता सगळ्यांना द्या. तो सीटसारखा विकायला काढू नका.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तू आधी बसचं बघ." खरंच, मी घरी जाते ती स्लीपर बसने. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवरच पडली होती, काहीजण काच फोडून बाहेर आले. मागच्या खेपेला मी आमच्या बसच्या क्लीनरला विचारलं, "दादा, काच फोडायची हातोडी कुठे असते?"

"ऑफिसात ठेवलीय ताई," तो म्हणाला. "इथे ठेवली की लोक घेऊन जातात."