वाफेच्या माणसाची आई

दहा फूट उंच लोखंडी माणूस, वाफेवर धावतो, गाडी ओढतो आणि टोपीतून धूर सोडतो! एडवर्ड एलिस यांच्या १८६८ सालच्या ‘द स्टीम मॅन ऑफ द प्रेअरीज’ या अमेरिकन कादंबरीतला हा चमत्कार. अशा गोष्टींना आता ‘स्टीमपंक’ म्हणतात.

तो बनवतो जॉनी, पाठीला कुबड असलेला हुशार पोरगा. पण कल्पना सुचवते कोण? त्याची विधवा आई! मग जॉनी निघतो पश्चिमेला, सोन्याच्या मोहिमेवर. आई घरीच. मैत्रिणींनो, मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा आईला गाळू नका हं. आणि ज्यांच्या माळरानावरून हे यंत्र धडधडत जातं, ते तिथले मूळ रहिवासी? ते नुसते शत्रू! हे मला मुळीच पटत नाही.