गतीची गणितं गावातच सोडवा

कोपर, दिवा, ठाकुर्ली या पट्ट्यातली भातखाचरं गेली आणि तिथे इमारती आल्या. मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांत शेती अजून टिकून आहे. पण खाचर राहिलेलं असो की गेलेलं, एक गोष्ट सगळीकडे सारखी झाली आहे. दहावी झाली की पोराला सायन्सला घालायचं. त्यात वाईट काही नाही. कृषी पदवीला जायचं म्हटलं तरी आज सीईटी द्यावी लागते, आणि तिथे गणिताचा गट घ्या की जीवशास्त्राचा, भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न कुणालाच चुकत नाहीत.

या विषयाचा उंबरठा म्हणजे गतीची उदाहरणे. नववीत तीन समीकरणे शिकवतात. सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण, वेळ आणि अंतर या पाच गोष्टींची ती आपसांतली नाती. अकरावीत हाच भाग पुढे वाढतो. पुष्कळ मुलं या उंबरठ्यावरच ठेचकाळतात आणि 'आपल्याला फिजिक्स जमत नाही' म्हणून मोकळी होतात. मग पालक क्लास लावतात. क्लासमध्ये शंभर उदाहरणे करून घेतात. पाठ झालेलं सूत्र वहीत उतरतं आणि परीक्षेत प्रश्न जरा फिरवला की गाडी अडते.

सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की सराव कशाचा, हे आपण पाहत नाही. पुस्तकातला 'कण' आणि 'वस्तू' कुणी पाहिलेली नसते. गावात मात्र धावणारी, पडणारी, थांबणारी प्रत्येक गोष्ट डोळ्यांसमोर असते. तिचं माप घ्या आणि तिचंच उदाहरण करा.

शेतकरी बंधूंनो, पंपाचंच घ्या. विहिरीवरच्या पाइपाचं तोंड पाणसळीत, अगदी आडवं ठेवा. धार तोंड भरून पडली पाहिजे. पाइपाच्या वरच्या कडेपासून ६० सेंटीमीटर आडवं मोजा आणि तिथे धारेची वरची बाजू किती खाली आली ते पाहा. समजा २० सेंटीमीटर आली. खाली पडण्याचा हिशेब असा: अंतर म्हणजे निम्मं गुरुत्व त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरा. ०.२ मीटर पडायला ०.२ सेकंद लागले. तेवढ्याच वेळात पाणी ०.६ मीटर पुढे गेलं, म्हणजे वेग सेकंदाला ३ मीटर. पाइपाचा आतला व्यास साडेसात सेंटीमीटर असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ४४ चौरस सेंटीमीटर. पंप सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी देतो. खरं वाटत नसेल तर २०० लिटरचा ड्रम लावून घड्याळ बघा, पंधराएक सेकंदांत भरला पाहिजे.

हे उदाहरण मुलाने एकदा केलं की आडवी गती वेगळी आणि उभी गती वेगळी, वेळ मात्र दोन्हीला एकच, ही अकरावीतली अवघड गोष्ट त्याला पुन्हा समजावावी लागत नाही. आणि बापाचाही फायदा आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्याच ६० सेंटीमीटरवर धार जास्त खाली आलेली दिसली, तर एक तर विहिरीची पातळी उतरली किंवा फूटव्हॉल्व्ह, इम्पेलर तपासायची वेळ झाली.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. कोपरला खाली मेन लाईन आणि वर दिवा-वसई लाईन. जलद गाड्या थांबत नाहीत, सरळ निघून जातात. मुलांनी प्लॅटफॉर्मवर मागे, पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहून वेळ मोजावी. १२ डब्यांची लोकल, डबा साधारण २० मीटर, म्हणजे गाडी २४० मीटर. एका खांबासमोरून ती १२ सेकंदांत गेली, तर वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. आता रूळ ओलांडणाऱ्या माणसाचा हिशेब करा. सेकंदाला दीड मीटर चालीने १२ मीटर जायला ८ सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी १६० मीटर येते. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं धरलं, तर थांबायला २५० मीटर लागतात. म्हणजे १६० मीटरवर मोटरमनने पाहिलं आणि त्याच क्षणी ब्रेक मारला तरी गाडी थांबत नाही. पुलावरून जा म्हणून कितीही सांगितलं तरी पोरं ऐकत नाहीत. स्वतः सोडवलेलं हे उत्तर मात्र डोक्यात राहतं.

तिसरं ट्रॅक्टरचं. पेंढ्याने भरलेली ट्रॉली ताशी १८ किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंदाने कमी होत असेल तर ब्रेक लागल्यावर ती सव्वासहा मीटरवर थांबते. वेग दुप्पट करा, अंतर २५ मीटर होतं. दुपटीला चौपट. शाळा सुटायच्या वेळी गावातून ट्रॅक्टर दामटणाऱ्यांनीही हे उदाहरण करून पाहावं.

सोडवायची रीत मोजकी आहे. आधी चित्र काढा आणि कोणती दिशा धन ते ठरवा. एककं एक करा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पाच गोष्टींपैकी दिलेल्या तीन कोणत्या, विचारलेली कोणती, ते लिहा. जी दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नसेल ते घ्या. त्वरण मध्येच बदलत असेल तर उदाहरणाचे तुकडे पाडा; लोकल वेग घेते, मग एकसारखी धावते, मग ब्रेक लावते, हे तीन वेगळे हिशेब आहेत. शेवटी उत्तर पटतं का पाहा. ट्रॅक्टरचा वेग ताशी १८० आला तर वही पुन्हा उघडा.

कुणी म्हणेल, हा पोरखेळ आहे, परीक्षेत मार्क पाहिजेत. त्यांना भास्कराचार्यांकडे बोट दाखवतो. ११५० सालच्या त्यांच्या लीलावतीत मोर आणि सापाचं उदाहरण आहे. खांब ९ हात उंच, त्यावर मोर. खांबाच्या बुंध्याशी बीळ, आणि साप बिळापासून २७ हातांवरून बिळाकडे निघालेला. दोघे सारखंच अंतर कापतात, तर गाठ कुठे पडेल? उत्तर बिळापासून १२ हात. मोर आणि साप लोकांच्या रोजच्या पाहण्यातले होते. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला आहे. आपल्या मातीत ही परंपरा जुनी आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीला माझी विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिर उघडं ठेवा. एक मोजपट्टी, एक पाणसळ, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि एक फळा, याला मोठा निधी लागत नाही. शिकवायला गावातलाच सायन्सचा मुलगा किंवा मुलगी बसवा. कोपरसारखी जी गावं महापालिकेत गेली तिथे ग्रामसभा नाही, पण शाळा आहे, देऊळ आहे, तरुण मंडळ आहे. जिथे ग्रामसभा आहे तिथे २६ जानेवारीला नववी-अकरावीच्या मुलांनी गावातल्या पाच पंपांची मापं आणि हिशेब वाचून दाखवावेत. चूक असेल तर ड्रम लावून तिथेच सिद्ध होईल. शेतकऱ्याला पंप कळेल आणि पोराला फिजिक्स.