विश्लेषण : थायलंडमध्ये बार टाकून तिथेच स्थायिक होता येते का?

फुकेत किंवा पट्टायाची सुट्टी संपवून परतताना अनेकांच्या डोक्यात एक विचार घोळतो. नोकरी सोडावी, फ्लॅट विकावा, समुद्राजवळ छोटा बार टाकावा आणि तिथेच राहावे. पण या स्वप्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. धंदा चालेल का? आणि त्या देशात राहता येईल का?

मालकी कोणाची?

थायलंडच्या १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार खाद्यपदार्थ आणि पेयांची विक्री हा परदेशी व्यक्तींसाठी निर्बंध असलेला व्यवसाय आहे. विशेष परवाना नसेल तर कंपनीत परदेशी माणसाचा वाटा निम्म्याहून कमी, म्हणजे व्यवहारात ४९ टक्के राहतो. 'कागदावर एखाद्या थाई माणसाचे नाव लावू' ही पळवाट एजंट सहज सुचवतात. मात्र तो गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख बातपर्यंत (बात हे तिथले चलन) दंडाची तरतूद आहे. कायदेशीर मार्गाने जायचे तर भागीदार खराच हवा आणि त्याचा शब्द तुमच्यापेक्षा जड असणार.

व्हिसाचे काय?

बार उघडला म्हणून व्हिसा मिळत नाही. एका परदेशी माणसाच्या वर्क परमिटसाठी साधारणपणे २० लाख बात, म्हणजे सुमारे ५० ते ६० लाख रुपये, नोंदणीकृत भांडवल लागते. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी चार थाई कर्मचारी हवेत. शिवाय भारतीय व्यक्तीला स्वतःचा पगार महिना किमान ३५ हजार बात दाखवून त्यावर कर भरावा लागतो. पती-पत्नी दोघांनाही परमिट हवे असेल तर हे आकडे साधारण दुप्पट होतात.

पावसाळ्यात काय होते?

मे ते ऑक्टोबर फुकेतवर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो आणि पर्यटक घटतात. गोव्यात शॅकवाले पावसाळ्याआधी गाशा गुंडाळून घरी जातात. फुकेतमधल्या परदेशी बारमालकाला ती सोय नाही. गल्ला रिकामा असला तरी व्हिसा टिकवण्यासाठी पगार आणि कर बाराही महिने चालू ठेवावे लागतात.

खरी जोखीम कोणती?

पुण्यात हॉटेल बुडाले तर पैसा जातो, पण शहर सुटत नाही. तिथे बार बंद पडला की वर्क परमिट जाते, त्यापाठोपाठ राहण्याची परवानगी जाते आणि मुलांची शाळाही सुटते. धंद्यातले एक वाईट वर्ष थेट घरावर येते.

म्हणूनच बारकडे स्थलांतराचे तिकीट म्हणून पाहणे चुकीचे आहे. फक्त राहायचेच असेल तर पन्नाशी ओलांडलेल्यांना बँकेत ८ लाख बात ठेवून निवृत्तीच्या आधारावर वर्षभर राहण्याची परवानगी मिळू शकते. त्यात काम करता येत नाही, पण बारच्या भांडवलापेक्षा ही रक्कम निम्म्याहून कमी आहे आणि ती आपल्याच खात्यात राहते. तरुणांसाठी तिथल्या कंपनीत आधी नोकरी मिळवणे अधिक सुरक्षित.

आणि ज्यांना खरोखर बारच चालवायचा आहे, त्यांनी फ्लॅट विकण्याआधी तिथे डिसेंबरमध्ये नव्हे, सप्टेंबरमध्ये जाऊन रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात.