गाठ लहान झाली, पण कशाच्या तुलनेत?

कर्करोगावरचे औषध लागू पडते आहे की नाही हे ठरवण्यासाठी आज जगभर जो आकडा वापरला जातो, त्याचे मूळ स्कॅनच्या यंत्रात सापडत नाही, डॉक्टरांच्या बोटांत सापडते. १९७६ साली चार्ल्स मोएर्टेल आणि जेम्स हॅन्ली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मऊ गादीवर लहानमोठे १२ गोळे ठेवले, त्यांवर फोमचा थर अंथरला आणि १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते चाचपून मोजायला सांगितले. गोळ्यांपैकी काही हुबेहूब एकाच आकाराचे होते, त्यामुळे न बदललेल्या गाठीच्या दोन मापांत किती तफावत पडते हे नेमके कळले. २५ टक्के घट म्हणजे गुण आला असे मानले, तर चार-पाच वेळांतून एकदा तसूभरही न बदललेली गाठ ‘कमी झाली’ म्हणून नोंदली गेली असती. अट ५० टक्क्यांवर नेली की ही चूक शंभरात सात-आठ वेळांवर येत होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये निकष ठरवले, तेव्हा लांबी आणि रुंदीच्या गुणाकारात ५० टक्के घट हीच पायरी धरली. २००० साली ‘रेसिस्ट’ या नावाचे निकष आले. त्यांत गाठीचा फक्त सर्वात लांब व्यास मोजायचा आणि तो ३० टक्क्यांनी घटला तर गुण आला असे म्हणायचे ठरले. व्यास ०.७ पट झाला की गुणाकार ०.४९ पट होतो. म्हणजे नव्या कपड्यांत तीच जुनी पायरी. गाठ ३० टक्के घटली की रुग्ण तरतो आणि २८ टक्के घटली की नाही, असे या आकड्याने कधीच म्हटलेले नाही. मोजणाऱ्याची चूक आणि औषधाचा खरा परिणाम यांच्यात अंतर राहावे, एवढेच त्याचे काम.

हा इतिहास सांगायचे कारण असे की आपल्याकडे स्कॅनचा रिपोर्ट हा निकालपत्रासारखा वाचला जातो. केमोची तीन-चार आवर्तने झाली की सीटी स्कॅन होतो आणि ‘वाढ’ किंवा ‘घट’ या एका शब्दावर घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. पण गाठीच्या मापाला एकट्याने अर्थ नसतो. ते आधीच्या कुठल्या तरी मापाशी लावून पाहावे लागते, आणि ते नेमके कुठले हे रिपोर्टमध्ये लिहिलेले नसेल, तर तो रिपोर्ट अर्धाच आहे. माझे म्हणणे सरळ आहे: उपचार चालू असलेल्या प्रत्येक कर्करुग्णाच्या रिपोर्टसोबत पहिल्या स्कॅनपासूनच्या त्याच-त्याच गाठींच्या मापांचा सलग तक्ता असलाच पाहिजे. औषधाच्या मात्रेची नोंद जितकी सक्तीची, तितकीच ही नोंदही.

एका गाठीचे उदाहरण घेऊन हे नीट पाहू. उपचारापूर्वी गाठ ५० मिलिमीटर होती. औषधाने ती ३० मिलिमीटरवर आली. ४० टक्के घट, म्हणजे गुण आला. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये ती ३३ झाली, मग ३७, मग ४१. आता ४१ या मापाकडे तीन तऱ्हांनी पाहता येते. पहिल्या ५० शी ताडून पाहिले तर गाठ अजून १८ टक्के लहानच आहे. मागच्या ३७ शी ताडले तर वाढ सुमारे ११ टक्के, म्हणजे ‘जवळपास जैसे थे’ असे लिहायला जागा आहे. पण ती सर्वात लहान होती तेव्हाच्या ३० शी ताडले तर वाढ जवळजवळ ३७ टक्के भरते. रेसिस्टचा नियम इथे स्वच्छ आहे: गुण मोजायचा तो सुरुवातीच्या मापाशी, आणि आजार वाढला हे ठरवायचे ते आजवरच्या सर्वात लहान मापाशी. त्या मापापेक्षा २० टक्के आणि शिवाय किमान ५ मिलिमीटर वाढ झाली की आजार पुढे सरकला. या हिशेबाने आपल्या रुग्णाचा आजार ३७ वरच हाताबाहेर जाऊ लागला होता. प्रत्येक रिपोर्टने फक्त मागच्या रिपोर्टकडे पाहिले असते, तर तीनही वेळा ‘किंचित वाढ’ एवढेच लिहिले गेले असते. एकही वाक्य खोटे नाही, आणि तरी निकामी झालेले औषध महिनोन्महिने चालू राहिले. त्याचे दुष्परिणाम रुग्णाने सोसले, खर्च घराने सोसला, आणि दुसरे औषध सुरू करायची वेळ हातची गेली.

५ मिलिमीटरची ती अटही सहज आलेली नाही. २००९ मध्ये निकष सुधारताना साडेसहा हजार रुग्णांच्या, १८ हजारांहून अधिक गाठींच्या मापांचा आधार घेतला गेला. मोजायच्या गाठी दहावरून पाचावर आणि एका अवयवात जास्तीत जास्त दोनवर आणल्या गेल्या. १५ मिलिमीटरची गाठ १८ झाली तर टक्केवारी २० भरते, पण ३ मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. यात अतिशयोक्ती नाही. फुप्फुसाच्या गाठींवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णाचा सीटी १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा काढला गेला. एवढ्या वेळात गाठ वाढतही नाही, घटतही नाही. तरी मापे बदलली, आणि १० टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या मोजणीतून येऊ शकतो असा निष्कर्ष निघाला. त्याआधी २००३ मध्ये पाच रेडिओलॉजिस्टांनी फुप्फुसातल्या ४० गाठी मोजल्या. एकही गाठ बदललेली नव्हती, पण एकाचे माप दुसऱ्याच्या मापाशी लावले तर जवळजवळ ३० टक्के वेळा ‘आजार वाढला’ असा चुकीचा निष्कर्ष निघत होता. त्याच रेडिओलॉजिस्टने स्वतःचीच मापे पुन्हा घेतली तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आले. दोष कुणाच्या कौशल्याचा नाही. कडा धूसर असलेल्या गाठीची सीमा कुठे धरायची, हा निर्णय प्रत्येक जण थोडा वेगळा घेतो, आणि तोच निर्णय सतत एकाच डोळ्याने घेतला तर तुलना टिकते.

आता आपल्याकडची वाट पाहा. विदर्भ-मराठवाड्यातला रुग्ण पहिला स्कॅन जिल्ह्याच्या गावी काढतो, उपचार मुंबईत सुरू होतात, पुढचा स्कॅन जिथे लवकर तारीख मिळेल तिथे होतो आणि त्यानंतरचा पुन्हा गावाजवळ, कारण परळला येऊन राहणे परवडत नाही. यंत्र वेगळे, डाय सोडल्यानंतर चित्र टिपण्याची वेळ वेगळी, चकत्यांची जाडी वेगळी, डोळा वेगळा. पिशवीत फिल्मचे लिफाफे असतात, पण सीडी हरवलेली असते, आणि लिफाफ्यातल्या फिल्मवरून मिलिमीटरचे माप नीट घेता येत नाही. नवा रेडिओलॉजिस्ट जुन्या रिपोर्टमधले वाक्य वाचून तुलना करतो. यकृतात चार डाग असतील तर मागच्या वेळी मोजलेला कुठला आणि आज मोजलेला कुठला, हे कळायला मार्गच उरत नाही. जिथे रुग्ण स्थिर आहे तिथे हे खपून जाते. जिथे निर्णय काठावर आहे, तिथे याच गोष्टीची किंमत मोजावी लागते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की आकार म्हणजे सगळे काही नव्हे, आणि तो पूर्ण खरा आहे. जठर-आतड्यातल्या ‘जिस्ट’ नावाच्या गाठीवर इमॅटिनिब लागू पडते तेव्हा गाठीतल्या पेशी मरतात, पण गाठ आतून पातळ होऊन तेवढीच राहते, कधी फुगतेसुद्धा. नुसता व्यास मोजणाऱ्याने चांगले चाललेले औषध बंद केले असते. म्हणून २००७ मध्ये हेसन चोई आणि सहकाऱ्यांनी या गाठींसाठी वेगळे निकष मांडले: आकारात १० टक्के किंवा सीटीवरच्या घनतेत १५ टक्के घट झाली तरी गुण आला समजावे. इम्युनोथेरपीत काही रुग्णांची गाठ आधी मोठी दिसते आणि मग ओसरते. असे रुग्ण दहातल्या एकाहून कमी, पण त्यांच्यासाठी २०१७ च्या निकषांत पहिल्या वाढीवर शिक्का न मारता, प्रकृती बरी असेल तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहण्याची सोय केली गेली. हॉजकिन लिम्फोमात तर आकार जवळजवळ बाजूलाच ठेवला जातो. उपचारानंतरही तिथे मेलेल्या ऊतीचा गोळा उरतो, म्हणून पेट स्कॅनवर गाठ किती साखर ओढते हे पाहतात आणि ते रुग्णाच्याच यकृताशी ताडून एक ते पाच गुण देतात. या तुलनेतून केवढे हित साधते, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॅथल’ चाचणीने दाखवले. दोन आवर्तनांनंतर ज्यांचे पेट स्वच्छ आले, त्यांच्यापैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन हे फुप्फुसांना इजा करणारे औषध थांबवले. तीन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचे प्रमाण औषध चालू ठेवलेल्यांत ८५.७ टक्के, थांबवलेल्यांत ८४.४ टक्के. नीट केलेल्या एका तुलनेने शेकडो तरुण रुग्णांची फुप्फुसे वाचतात. तेव्हा हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळ देतो: आकार, घनता किंवा साखर, जे काही मोजायचे ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच मोजा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. रेसिस्ट हे औषधांच्या चाचण्यांसाठी आहे, एकेका रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्यावर बेतण्याचा हेतू नाही, असे त्या निकषांतच नमूद आहे. डॉक्टर समोरच्या माणसाकडे पाहतो: भूक लागते का, वजन भरते आहे का, दुखणे कमी झाले का. हे योग्यच आहे, आणि ते तसेच राहावे. पण निर्णय डॉक्टरच्या तारतम्यावर सोडायचा, तर त्या तारतम्यापुढे पुरती माहिती ठेवणे आणखी गरजेचे होते. ५०, ३०, ३३, ३७, ४१ हे आकडे एका ओळीत दिसले, तर रुग्णाला बरे वाटत असल्यामुळे आणखी दोन महिने थांबायचे की औषध बदलायचे, हे डॉक्टर जाणतेपणी ठरवेल. ‘किंचित वाढ’ या शब्दांवर त्याला अंदाजच बांधावा लागतो.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. रेडिओलॉजिस्टपुढे रोज स्कॅनचा ढीग असतो, त्यामुळे पाच गाठी मोजून तक्ता भरणे हे जादा काम आहेच. पण पहिला तक्ता नीट भरला की पुढच्या वेळी गाठी शोधण्याचे श्रम वाचतात, आणि मापे घेण्याचा कंटाळवाणा भाग संगणक प्रणाली करू लागल्या आहेत. कुठली गाठ धरायची आणि प्रणालीने आखलेली कड खरी की नाही, हे मात्र माणसानेच पाहायचे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये पेट स्कॅन सुरू करायला सायक्लोट्रॉन उभारावा लागला होता, कारण त्या तपासणीतल्या किरणोत्सारी फ्लोरिनचे प्रमाण दर ११० मिनिटांनी निम्मे होते. मापांच्या तक्त्याला एक कागद पुरतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या शेकडो केंद्रांसाठी उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत, औषधांची एकत्र खरेदीही करून दाखवली आहे. त्याच ग्रिडने एकसारखा तक्ता ठरवला, आणि सरकारी योजनेतून पैसे मिळणाऱ्या प्रत्येक स्कॅनला तो तक्ता आणि मूळ चित्रांची प्रत रुग्णाच्या हाती देण्याची अट जोडली, तर गावातल्या केंद्रालाही ते टाळता येणार नाही.

आकडे रुग्णाच्या हाती दिले तर तो घाबरेल, असेही काही जण म्हणतात. पण रुग्ण आणि त्याचे नातेवाईक रिपोर्ट आजही वाचतातच. स्कॅन सेंटरच्या बाहेरच पाकीट उघडले जाते, इंग्रजी शब्दांचा अर्थ मोबाइलवर शोधला जातो आणि ‘वाढ’ दिसली की ती २ मिलिमीटरची की २ सेंटिमीटरची, हे न कळताच रात्र काढली जाते. ३० चे ३२ झाले आणि शेजारी ‘हा फरक मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत आहे’ एवढे वाक्य असले, तर त्या घराला डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचे दिवस सोसता येतील. आणि ३७ झाले असतील, तर डॉक्टरांना काय विचारायचे, हे त्यांना ठाऊक असेल.