चेन चू : तुरुंगाइतकाच राजीनामाही महत्त्वाचा

तैवानच्या चेन चू यांचे चरित्र बहुधा तुरुंगातून सत्तेकडे झालेला प्रवास म्हणून सांगितले जाते. ते खोटे नाही, अपुरे आहे.

१० डिसेंबर १९७९ रोजी काओशुंग शहरात मानवी हक्क दिनाच्या मोर्चाचा पोलिसांशी संघर्ष झाला. देशात लष्करी कायदा होता. लष्करी न्यायालयाने त्यांना १२ वर्षांची शिक्षा ठोठावली. १९८६ मध्ये त्या सुटल्या.

२००० साली विरोधी पक्ष सत्तेवर आला आणि चेन चू कामगारमंत्री झाल्या. ऑगस्ट २००५ मध्ये काओशुंग मेट्रोच्या कामावरील थाई मजुरांनी वसाहतीतील जाचाविरुद्ध दंगल केली. ज्यांनी हक्कांसाठी तुरुंग भोगला, त्यांच्याच खात्याच्या अमलात परदेशी मजुरांची ही अवस्था! त्यांनी राजीनामा दिला. चरित्रकारांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो, म्हणून तो एका वाक्यात आटोपला जातो. वास्तविक तुरुंगात त्यांचे धैर्य दिसले, तर येथे सत्ताधारी म्हणून त्यांची कसोटी लागली. आणि राजीनाम्याने मजुरांचा प्रश्न सुटला नव्हताच.

पुढच्याच वर्षी त्याच काओशुंगने त्यांना अवघ्या १,११४ मतांच्या आघाडीने महापौर केले. २०१८ पर्यंत त्या पदावर होत्या. २०२० मध्ये त्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष झाल्या.