उत्तर बरोबर आलं होतं



नातवाच्या नववीच्या इतिहासात हिटलरचा धडा आहे. त्याची उजळणी घेताना एक गोष्ट वाचली : नाझींच्या राज्यात गणिताच्या तासालासुद्धा द्वेष शिकवला जायचा. तो म्हणाला, "आजी, गणितातून कसा?" मला सांगता येईना. मग रात्री मोबाइलवर शोधलं.

१९३५ च्या एका जर्मन शालेय पुस्तकातलं उदाहरण सापडलं. वेड्यांचं इस्पितळ बांधायला ६० लाख मार्क लागतात. एक घर १५ हजारांत होतं. तर त्या पैशात किती घरं झाली असती? मी बी.कॉम., तोंडीच काढलं, ४००. उत्तर बरोबर आलं आणि मग अंगावर काटा आला. आकडेमोडीत चूक नव्हतीच. माणूस खर्चाच्या रकान्यात घातला, चूक तिथे होती.

ही उदाहरणं सोडवली जात होती त्याच्या आधी, १९३३ मध्येच, सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला होता. त्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली. १९४० आणि १९४१ मध्ये ७० हजार अपंग आणि मनोरुग्ण विषारी वायूने मारले. घरच्यांना खोट्या आजाराचं पत्र जायचं. एखाद्याला 'अपेंडिक्सने गेला' असं कळवलं, तर त्याचं अपेंडिक्स कधीच काढलेलं असायचं. पुढे तिथलेच कर्मचारी पोलंडमधल्या मृत्यूछावण्या चालवायला गेले. ६० लाख ज्यू मारले गेले, आणि लाखो रोमा, ज्यांचे पूर्वज मुळात आपल्या हिंदुस्थानातून गेलेले. आणि झेंड्यावर चिन्ह कोणतं, तर सुपार्श्वनाथ भगवंतांचं लांछन, जो साथिया आपण रोज मंदिरात तांदळाने काढतो!

आपण मुंगी चिरडू देत नाही, आपला काय संबंध, असं मलाही वाटलं असतं. पण १९९४ चं शिरूर आठवलं. पुणे जिल्ह्यातल्या तिथल्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली होती. कारण काय, तर त्यांना पाळी सांभाळता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. खरं सांगते, तेव्हा पेपर वाचून मी म्हणाले होते, "चुकलं काय? सांभाळणारीचे हाल कोण बघतं?" सांभाळणारी थकते हे आजही खरंच आहे. पण मी त्या मुलींचं काहीच विचारलं नव्हतं.

माझ्या धाकट्या जाऊबाईंची थोरली तेव्हा चार वर्षांची होती. तिला नीट बोलता येत नाही, पण तूर निवडायला बसली की खडा सुटत नाही. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवतात. तिच्या मधल्या भावाचा बायोडाटा मीच लिहिला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. त्यात 'बहीण' हा रकानाच नव्हता.

आता धाकट्याचं बघतोय. दिवाळीनंतर अकोल्याला परिचय मेळावा आहे. या वेळी मी तिचं नाव लिहिलं, जन्मसालासकट. तो म्हणाला, "काकू, स्थळं यायची नाहीत." जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत, नुसता कागद हातात धरून बसल्या. झेरॉक्स अजून काढलेली नाही.